चारित्र्य पडताळणीची पडताळणी : पोलीस भरतीतील पूर्वचारित्र्य चौकशीचा इतिहास आणि जोयडा तालुका

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याचा एखादा तरुण पोलीस शिपायाच्या भरतीला उतरतो. शारीरिक चाचणी, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी पार केल्यावर निवड यादीत त्याचे नाव लागते. तरीही नेमणुकीचा आदेश लगेच हाती पडत नाही, कारण एक टप्पा अजून बाकी असतो. उमेदवाराने स्वतःविषयी भरून दिलेला साक्षांकन नमुना त्याच्या गावाच्या पोलीस ठाण्याकडे जातो. ठाण्यातील हवालदार गावात येतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, ठाण्यातील नोंदवह्या चाळतो आणि चार ओळींचा अहवाल लिहितो. तो अहवाल ठाणे अंमलदाराच्या सहीने वर जातो. नेमणूक या चार ओळींवर ठरते.

पोलीस खात्यात कोणाला घ्यावे याची चौकशी पोलीस खात्यानेच करायची, ही व्यवस्था जुनी आहे आणि तिची गरज कोणी नाकारत नाही. ज्याच्या हाती काठी, बंदूक आणि अटकेचा अधिकार द्यायचा त्याचे पूर्वचारित्र्य पाहिलेच पाहिजे. वाद दुसऱ्याच मुद्द्यावर आहे. त्या चार ओळी खऱ्या आहेत की नाहीत, पुरेशा आहेत की नाहीत, आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष न्याय्य आहे की नाही, हे कोण पाहतो? या प्रश्नाचा गेल्या दीडशे वर्षांतील प्रवास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. चौकशीवरील देखरेख खात्याने आपण होऊन फारशी निर्माण केली नाही. ती मुख्यतः न्यायालयात गेलेल्या सामान्य उमेदवारांमुळे आणि कर्मचाऱ्यांमुळे आली, आणि आजही ती अपुरीच आहे.

सुपा तालुका आणि बदलत्या राजवटी

जोयडा हे तालुक्याचे ठिकाण होण्यापूर्वी हा तालुका सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयात १९८० च्या दशकात सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या या जंगलव्याप्त तालुक्यात मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा बोलल्या जातात. पोलीस प्रशासनाच्या दृष्टीने पाहता हा तालुका एकाच जागी राहून अनेक राजवटींच्या कायद्याखाली गेला.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या पाडावानंतर कानडा प्रांत इंग्रजांकडे आला आणि मद्रास इलाख्यात सामील झाला. त्या काळी महसूल वसुली आणि पोलिसी अधिकार खालच्या पातळीवर एकाच माणसाच्या हाती असत. त्यातून होणाऱ्या छळाच्या तक्रारी इंग्लंडच्या संसदेपर्यंत पोहोचल्या आणि मद्रास इलाख्यासाठी एक चौकशी आयोग नेमला गेला. १८५५ मध्ये त्याने आपला अहवाल दिला. महसूल आणि पोलीस या दोन्ही कामांतील खालच्या नोकरांकडून रयतेचा छळ होतो, हे त्या अहवालाने मान्य केले. पुढे १८५९ च्या कायद्याने मद्रास इलाख्यात पोलीस दल महसूल खात्यापासून वेगळे करण्यात आले. ‘पोलिसात कोण येतो’ हा प्रश्न सरकारदरबारी गांभीर्याने पुढे येण्याचे हे एक महत्त्वाचे निमित्त होते.

१८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्याला जोडला गेला. मुंबई इलाख्यात १८६७ मध्ये जिल्हा पोलीस आणि ग्राम पोलीस यांसाठी दोन स्वतंत्र कायदे झाले आणि १८९० मध्ये जिल्हा पोलीस कायदा नव्याने करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६३ मध्ये राज्याचा स्वतंत्र पोलीस कायदा झाला आणि राज्याचे नाव बदलल्यावर तोच कर्नाटक पोलीस कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. कायदे बदलले, राज्येही बदलली, परंतु माणसाच्या चारित्र्याची खबर गोळा करण्याची रीत मात्र बरीचशी तीच राहिली.

पाटलाचा शब्द आणि ठाण्याची वही

ग्राम पोलीस कायद्यानुसार गावातील गुन्हे, आरोग्य आणि लोकांची सर्वसाधारण स्थिती यांची माहिती दंडाधिकाऱ्यास देत राहणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य होते. गावातील कोण कसा आहे हे पाटलाला ठाऊक असते, असे सरकार गृहीत धरी. हा शब्द तोंडी असे आणि त्याला फारसा पुरावा लागत नसे. पाटील चांगला असला तर शब्द चांगला; पाटलाशी भाऊबंदकी असली तर शब्दही तसाच. म्हैसूर राज्यात १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत ग्राम पदे रद्द झाली आणि गावाची खबर देण्याचे काम हळूहळू ठाण्याच्या वहीकडे आणि बीट हवालदाराकडे गेले.

भरतीतील गुणवत्तेचा प्रश्न १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने ऐरणीवर आणला. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने पोलीस दलावर अकार्यक्षमता, भ्रष्टाचार आणि जुलूम यांचा ठपका ठेवला. चांगले वेतन, थेट भरतीचे फौजदार आणि प्रशिक्षण शाळा हे त्याने सुचवलेले उपाय होते. मुंबई इलाख्याची पोलीस प्रशिक्षण शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला हलली. प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषण विभाग असावा ही शिफारसही याच आयोगाची. प्रशिक्षण सुधारले, नोंदी वाढल्या. मात्र नोंद लिहिणाऱ्यावर कोणाची नजर असावी, याचा विचार मागे पडला.

एकच नोंद, दोन अर्थ

पोलिसांच्या नोंदीत चारित्र्य कसे लिहिले जाई, याची दोन उदाहरणे उद्बोधक आहेत.

पहिले उदाहरण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे आहे. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. या कायद्याने संपूर्ण जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करता येई आणि तिच्यातील माणसाला हजेरी देण्यास भाग पाडता येई. येथे चारित्र्य कृतीवरून नव्हे तर जन्मावरून ठरत होते. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. कायदा गेला तरी त्याने लावलेली नजर ठाण्यातून लगेच गेली नाही.

दुसरे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातीलच आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी अंकोला आणि सिद्दापूर भागांत मिठाचा सत्याग्रह व करबंदीची चळवळ मोठ्या नेटाने चालली. शेकडो शेतकरी तुरुंगात गेले. त्या काळच्या सरकारच्या दृष्टीने तुरुंगवासाची नोंद हा कलंक होता आणि असा माणूस सरकारी नोकरीस अपात्र होता. पुढे भारत सरकारने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. तिच्यात सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या कारावासाचा पुरावा मागितला जाऊ लागला. तुरुंगाच्या वहीतील जी ओळ एका सरकारने अपात्रतेची मानली, तीच ओळ दुसऱ्या सरकारने सन्मानाची मानली.

या दोन उदाहरणांतून निघणारा धडा पोलीस भरतीलाही लागू आहे. नोंद स्वतःहून काही सांगत नाही. ती कोणत्या कसोटीवर वाचायची हे आधी ठरवावे लागते, आणि ती कसोटी उमेदवारालाही माहीत असावी लागते.

नागपूरचा खटला : निष्ठेची चौकशी

स्वातंत्र्यानंतर लगेच चारित्र्याच्या चौकशीत निष्ठेच्या चौकशीची भर पडली. शीतयुद्धाची सुरुवात होती आणि हा प्रकार भारतापुरता मर्यादित नव्हता. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मार्च १९४७ मध्ये आदेश काढून संघराज्याच्या सर्व नागरी कर्मचाऱ्यांच्या निष्ठेची तपासणी सुरू केली होती. आरोप कोणी केला हे कर्मचाऱ्याला कळेलच याची तेथे खात्री नव्हती.

भारतात १९४९ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय सुरक्षेच्या रक्षणाचे नियम करण्यात आले. विघातक कृत्यांत भाग घेतल्याचा वाजवी संशय असलेल्या कर्मचाऱ्याची सेवा या नियमांनुसार संपवता येत असे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या नागपूर येथील काही कर्मचाऱ्यांवर कम्युनिस्ट हालचालींचा ठपका ठेवून त्यांना नोटिसा देण्यात आल्या आणि पुढे त्यांची नोकरी गेली. ते नागपूरच्या उच्च न्यायालयात हरले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५७ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. न्यायालयाचे म्हणणे असे की, संघटना स्थापण्याचा त्यांचा हक्क शाबूत आहे. मात्र सरकारी नोकरीत राहण्याचा मूलभूत हक्क कोणालाच नाही. शिवाय करारानुसार सेवा संपवणे ही शिक्षा नव्हे, म्हणून संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षणही मिळणार नाही.

हा निकाल कर्मचाऱ्यांना अनुकूल नव्हता. तरी त्या नियमांत एक गोष्ट नोंदण्याजोगी होती. नोटीस देणे, कर्मचाऱ्याचे म्हणणे मागवणे आणि सल्लागार समितीपुढे प्रकरण ठेवणे, अशा पायऱ्या त्यांत होत्या. नव्या भरतीच्या उमेदवाराला मात्र इतकेही मिळत नसे. त्याला फक्त ‘आपण योग्य आढळला नाहीत’ एवढे कळे, आणि पुष्कळदा तेही कळत नसे.

एका शिक्षकाचा खटला

चित्र पालटले ते एका शिक्षकामुळे, ही बाब अध्यापकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. मध्य प्रदेशात एका नगरपालिकेची शाळा १९७१ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. तेथील शिक्षक रामशंकर रघुवंशी यांना पूर्वचारित्र्याच्या पडताळणीच्या अटीवर सरकारी सेवेत सामावून घेण्यात आले. १९७४ मध्ये त्यांची सेवा संपवण्यात आली. आदेशात कारण नव्हते, परंतु त्यामागे पोलिसांचा अहवाल होता. त्यांनी पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघ यांच्या कार्यात भाग घेतल्याचे त्या अहवालात म्हटले होते.

राज्य सरकारचे म्हणणे फेब्रुवारी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. निकाल न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिला. त्यांचा आशय असा की, नोकरीत येण्यापूर्वी एखाद्याने कायदेशीर संघटनेच्या कामात भाग घेतला, एवढ्यावरून त्याला नोकरी नाकारणे संविधानात बसत नाही. माणसाची राजकीय मते तपासून त्याला नोकरी द्यायची की नाही हे पोलिसांच्या अहवालाने ठरू लागले, तर समान संधीच्या हक्काला अर्थ उरणार नाही. हा निकाल एका विशिष्ट विचाराच्या बाजूने नव्हता. तोच न्याय साम्यवादी, समाजवादी किंवा अन्य कोणत्याही विचाराच्या कर्मचाऱ्याला लागू होतो. १९५७ मध्ये नागपूरच्या कर्मचाऱ्यांना मिळाले नव्हते ते संरक्षण १९८३ मध्ये, वेगळ्या परिस्थितीत का होईना, एका शाळामास्तराने मिळवले. चारित्र्य आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालाने ठामपणे सांगितले.

पोलीस भरतीचे खटले

शिक्षक आणि पोलीस यांत फरक आहे. पोलीस शिपायाच्या बाबतीत न्यायालये अधिक कडक राहिली आणि त्याला कारणही आहे. १९९६ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला होता, तरी त्याला नेमणूक नाकारण्यात आली होती. न्यायालयाने खात्याची बाजू घेतली. खटल्याचा निकाल काय लागला यापेक्षा माणसाचे वर्तन कसे होते, हे पाहण्याचा अधिकार खात्याला आहे, असे त्याने मानले.

मार्च २०११ मध्ये दुसरा सूर उमटला. दिल्ली पोलिसांतीलच एका उमेदवाराने सुमारे विसाव्या वर्षी झालेल्या मारामारीचा खटला अर्जात लिहिला नव्हता. खटला तडजोडीने मिटून तो सुटला होता. तरुण वयातील चुकांकडे थोड्या उदार नजरेने पाहावे, असे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने म्हटले. पाव चोरल्यामुळे जन्मभर चोर ठरलेल्या व्हिक्टर ह्युगोच्या कादंबरीतील नायकाचा दाखलाही त्यांनी दिला.

जुलै २०१३ च्या निकालात न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी पुन्हा खात्याच्या अधिकारावर भर दिला. या प्रकरणात एक नवी बाब होती. दिल्ली पोलिसांनी २०१० च्या स्थायी आदेशाने अशा प्रकरणांसाठी छाननी समिती नेमण्याची पद्धत घातली होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने प्रकरण तपासले असेल आणि तिच्या हेतूत खोट नसेल, तर न्यायालयाने सहसा हात घालू नये, असे निकालात म्हटले आहे. हवालदाराच्या चार ओळींवर वरिष्ठांच्या समितीची नजर असावी, हे तत्त्व यातून मान्य झाले. खात्याच्या आतील देखरेखीचे हे ठळक उदाहरण होय.

दोन्ही दिशांचे निकाल साचल्यावर २१ जुलै २०१६ रोजी अवतारसिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अध्यापकांनी विद्यार्थ्यांना समजावून सांगावीत अशी त्यांतील प्रमुख सूत्रे पुढीलप्रमाणे आहेत :

१. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. अटक, खटला, शिक्षा किंवा सुटका यांपैकी काहीही लपवू नये.

२. लपवलेली गोष्ट क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ कोवळ्या वयात घोषणा देणे, तर खाते ती माफ करू शकते.

३. गंभीर गुन्ह्यातून केवळ तांत्रिक कारणाने सुटका झाली असेल, तर खाते सर्व परिस्थिती पाहून निर्णय घेऊ शकते.

४. खरी माहिती दिली तरी पूर्वचारित्र्य पाहण्याचा खात्याचा अधिकार संपत नाही.

५. साक्षांकन नमुन्यातील प्रश्न नेमका असावा. मोघम प्रश्नाचे उत्तर दिले नाही म्हणून लपवाछपवीचा ठपका ठेवता येणार नाही.

६. जी गोष्ट उमेदवाराला माहीतच नव्हती ती लपवल्याचा दोष त्याच्यावर येऊ शकत नाही.

७. सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला खात्यांतर्गत चौकशीशिवाय काढता येणार नाही.

फेब्रुवारी २०२४ मधील उत्तर प्रदेशच्या एका शिपायाचे प्रकरण या संदर्भात बोलके आहे. त्याने २००४ मध्ये अर्ज केला होता. अर्जानंतर त्याच्यावर एक गुन्हा नोंदला गेला आणि त्यातून तो सुटला; मात्र पुढे नमुन्यात त्याने त्याचा उल्लेख केला नाही. निवड रद्द झाली. परंतु पडताळणीसाठी गावात गेलेल्या पोलिसांनी खटल्याची आणि सुटकेची नोंद घेऊनही त्याचे वर्तन चांगले असल्याचे लिहिले होते आणि ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्याला दुजोरा दिला होता. निर्णय घेणाऱ्याने तो अहवाल नीट पाहिलाच नाही. न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी लिहिलेला निकाल उमेदवाराच्या बाजूने लागला. खालचा पोलीस नेहमीच चुकतो असे नाही, हे येथे दिसते. कधी तो प्रामाणिकपणे लिहितो आणि वरचाच वाचत नाही.

बाहेरील देशांचा अनुभव

चौकशी ढिली राहिल्यास काय होते, हे इतर देशांनी अनुभवले आहे. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या पूर्वचौकशीचे बरेचसे काम एका खासगी कंपनीकडे होते. २००८ ते २०१२ या काळात किमान ६ लाख ६५ हजार चौकश्या पूर्ण तपासणी न करताच ‘पूर्ण’ म्हणून पाठवल्याचा आरोप तेथील न्याय खात्याने २०१४ मध्ये या कंपनीवर केला. २०१५ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीला किमान ३ कोटी डॉलरच्या रकमेवर पाणी सोडावे लागले. नंतर हे काम नव्या सरकारी यंत्रणेकडे आणि २०१९ मध्ये संरक्षण खात्याकडे गेले.

इंग्लंडमध्ये मार्च २०२१ मध्ये लंडनच्या पोलीस दलातील एका शिपायाने एका तरुणीचे अपहरण करून तिचा खून केला. त्यानंतर पोलीस निरीक्षणालयाने विविध दलांतील ७२५ पडताळणी फाइली तपासल्या. त्यांपैकी १३१ प्रकरणांतील निर्णय शंकास्पद वाटल्याचे नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात नोंदवले गेले. या खुनी शिपायाला पोलिसात घ्यायलाच नको होते, असा निष्कर्ष २०२४ मध्ये स्वतंत्र चौकशीने काढला. या उदाहरणातील महत्त्वाची गोष्ट अशी की, पोलिसांच्या पडताळणीच्या फाइली पोलीस दलाबाहेरच्या निरीक्षकांनी उघडून वाचल्या. भारतात अशी बाहेरून होणारी नियमित तपासणी रूढ नाही.

चौकशी ढिली असणे आणि चौकशी अन्यायी असणे, हे दोन विरुद्ध दोष वाटतात. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकच आहे : अहवाल लिहून झाल्यावर तो दुसऱ्या कोणी जबाबदारीने वाचत नाही.

जोयड्यात हा प्रश्न कसा उतरतो

कर्नाटकात १९७७ च्या सर्वसाधारण भरती नियमांनुसार उमेदवाराच्या चांगल्या चारित्र्याविषयी नेमणूक अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते. हा नियम राज्यभर एकच आहे. परंतु जोयड्यासारख्या तालुक्यात त्याची अंमलबजावणी काही खास अडचणी घेऊन येते.

पहिली अडचण पत्त्याची. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या साक्षांकन नमुन्यात आईवडिलांचे जन्मस्थानही विचारले जाते. सुपा धरणाने विस्थापित झालेल्या कुटुंबांपैकी अनेकजण रामनगर परिसरात वसले. त्यांच्या मुलांना आईवडिलांचे जन्मगाव लिहायचे तर ते पाण्याखाली आहे. सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या किंवा कामासाठी आलेल्या कुटुंबांत आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज गोव्यातला असतो. कॅसलरॉक हे तेव्हा देशाच्या सीमेवरचे रेल्वे स्थानक होते. उत्तर चुकीचे नसले तरी ते पडताळायला ठाण्याला वेळ लागतो आणि त्या विलंबाचा फटका उमेदवाराला बसतो.

दुसरी अडचण जंगलाची. तालुक्याचा मोठा भाग राखीव वन आहे. अणशी राष्ट्रीय उद्यान आणि दांडेली अभयारण्य मिळून झालेल्या व्याघ्र प्रकल्पाला २०१५ मध्ये काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. कुणबी, गवळी आणि सिद्दी या समाजांचे जगणे पिढ्यान्‌पिढ्या जंगलाशी बांधलेले आहे. बांबू, मध, जळण किंवा चराई यांवरून वन कायद्याखाली नोंदलेला एखादा लहान गुन्हा कुटुंबाला फारसा मोठा वाटत नाही. दंड भरला की विषय संपला असे ते समजतात. नमुन्यात मात्र दंडाविषयीही प्रश्न असतो. उत्तर ‘नाही’ लिहिले आणि नोंद सापडली तर क्षुल्लक गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीचा दोष जड होतो.

तिसरी अडचण नजरेची. सिद्दी समाजात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशी तिन्ही धर्मांची कुटुंबे आहेत. या जिल्ह्यातील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. अशा लहान समाजांविषयी ठाण्याच्या नोंदींत पूर्वग्रह शिरू नये, हा मुद्दा मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका आमदाराच्या प्रकरणात मांडला. केवळ सामाजिक पार्श्वभूमीवरून मागास व वंचित समाजांतील निरपराध लोकांची नावे पोलिसांच्या इतिहासपत्रकात यांत्रिकपणे जाऊ नयेत, तसेच पत्रकांचा वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळोवेळी आढावा घ्यावा, असे न्यायालयाने म्हटले आणि इतर राज्यांनाही याचा विचार करण्यास सांगितले. १८७१ मध्ये जन्मावरून चारित्र्य लिहिण्याची जी रीत कायद्याने घातली, तिच्या अवशेषांवर १५३ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागले.

दाद कोठे मागावी

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये आला. त्याखाली उमेदवार स्वतःविषयीच्या अहवालाची प्रत मागू शकतो. मात्र तपास किंवा गुप्तवार्ता यांच्या कारणाने ती नाकारलीही जाऊ शकते. प्रकाश सिंग प्रकरणातील सप्टेंबर २००६ च्या आदेशानंतर कर्नाटकाने २०१२ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात सुधारणा करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. परंतु ते प्रामुख्याने पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी आहे. पडताळणीचा अहवाल चुकला, एवढी तक्रार त्याच्या कक्षेत सहसा बसत नाही. राज्य सरकारच्या नोकरीबाबत १९८६ पासून कर्नाटक प्रशासकीय न्यायाधिकरण आहे आणि त्यावर उच्च न्यायालय. २००८ मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले व २०१३ मध्ये ते कायम झाले. त्यामुळे जोयड्याच्या माणसाला बंगळूरपर्यंत जाण्याची गरज कमी झाली. तरीही अठरा-वीस वर्षांच्या मुलाने वकील लावून वर्षानुवर्षे लढणे ही सोपी गोष्ट नाही. उत्तर प्रदेशच्या त्या शिपायाला अर्जापासून न्यायापर्यंत जवळपास वीस वर्षे लागली.

महाविद्यालयांचे काम

चारित्र्य पडताळणीत महाविद्यालयाचा सहभाग वाटतो त्याहून मोठा आहे. वर्तणुकीचा दाखला प्राचार्य देतात. साक्षांकन नमुन्यात परीक्षेला बसण्यास बंदी किंवा संस्थेतून काढून टाकणे यांविषयीही प्रश्न असतो. म्हणजे महाविद्यालयाची शिस्तभंगाची नोंद पोलिसांच्या हाती पडू शकते. म्हणून दोन्ही बाजूंनी काळजी हवी. दाखला सरसकट छापील मजकुरावर देऊ नये. तो विद्यार्थ्याला ओळखून द्यावा. शिस्तभंगाची नोंद करताना कारण लिहावे, विद्यार्थ्याचे म्हणणे घ्यावे आणि ती नोंद वरिष्ठाने तपासावी. पोलीस खात्याकडून जी अपेक्षा करायची ती आधी स्वतःच्या कार्यालयात पाळावी.

नमुना कसा भरावा हेही शिकवण्याजोगे आहे. प्रश्न पूर्ण वाचणे, मिटलेला खटला किंवा भरलेला दंडही लिहिणे, शंका असल्यास ठाण्यातून व न्यायालयातून माहिती काढणे आणि निकालाची प्रत जपून ठेवणे, या साध्या गोष्टी आहेत. अल्पवयात घडलेल्या बाबींविषयी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ आहे. त्यानुसार अशा निर्णयामुळे अपात्रता येत नाही. प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा अपवाद आहे. हे कलम किती विद्यार्थ्यांना माहीत असते?

१८५५ च्या अहवालापासून २०२४ च्या निकालापर्यंतचा हा इतिहास पाहता, चारित्र्याच्या चौकशीवर देखरेख म्हणजे चार गोष्टी, असे म्हणता येते : कसोटी आधी लिहिलेली असावी, विरुद्ध गेलेली नोंद उमेदवाराला दाखवावी, त्याचे म्हणणे ऐकून कारणासह आदेश द्यावा, आणि चौकशीचे अहवाल बाहेरच्या डोळ्यांनी अधूनमधून वाचले जावेत. पहिल्या तीन गोष्टी न्यायालयांनी बऱ्याच अंशी मिळवून दिल्या. चौथी अजून व्हायची आहे. तोपर्यंत जोयड्याच्या वाडीत येणाऱ्या हवालदाराच्या त्या चार ओळींचा पहिला वाचक नमुना भरणारा विद्यार्थीच असणार, आणि त्याला तयार करण्याचे काम त्याच्या शिक्षकाचे आहे.